साइड-बाय-साइडसाठी ट्रेलर: आधी पाटी वाचा, मग लांबी मोजा

साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी सीट असलेलं, वाळू-मातीवर चालवायचं चारचाकी मशीन. ते वाहून न्यायला अमेरिकेत ट्रेलर घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा लांबी विचारतो. बारा फुटी घेऊ की चौदा फुटी, मशीन मावेल ना? मावतं. फसगत होते ती वजनात.

ट्रेलरच्या पुढच्या भागात, डाव्या बाजूला एक छोटी पाटी असते. तिच्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे रिकामा ट्रेलर आणि त्यावरचा सगळा माल मिळून चालणारं कमाल वजन. एका एक्सलच्या खुल्या ट्रेलरवर हा आकडा बहुधा २९९० पाउंड असतो. गंमत म्हणजे खालचा एक्सल ३५०० पाउंडांचा असतो. पण बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडांच्या आसपास ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात, म्हणून बनवणारा दहा पाउंड अलीकडे थांबतो आणि ब्रेकचा खर्च वाचवतो.

आता हिशेब मांडा. चार सीटच्या मशीनचं माहितीपत्रकातलं ड्राय वेट १६०० पाउंड धरू. ते पेट्रोलशिवायचं असतं. दहा गॅलन पेट्रोलचे ६० पाउंड. छप्पर, काच, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) आणि जादा चाक मिळून २००. कूलर, पाणी, हत्यारं १५०. झाले २०१०. रिकामा चौदा फुटी लोखंडी ट्रेलर १०५० चा असेल तर एकूण ३०६०, म्हणजे पाटीच्या ७० पाउंड वर. ट्रेलर मोडणार नाही कदाचित, पण टायर तापतील आणि उतारावर सगळा भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर येईल. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोहून ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना आय-८ महामार्गाचा डोंगरउतार आणि तिथला आडवा वारा या चुकीला माफ करत नाही.

म्हणून चार सीटच्या मशीनला इलेक्ट्रिक ब्रेकवाला ट्रेलरच घ्या. त्यासाठी गाडीला सात पिनांचा सॉकेट आणि आत ब्रेक कंट्रोलर लागतो. चार पिनांची चपटी वायर फक्त दिव्यांपुरती असते. दोन एक्सलचा, ७००० पाउंडांचा ट्रेलर स्थिर चालतो, आणि एक टायर फुटला तरी बाजूला घ्यायला सवड मिळते. मात्र तो रिकामाच १८०० च्या पुढे जातो. दारात ३५०० पाउंड ओढणारी मिनीव्हॅन असेल तर तो विचार सोडा आणि ब्रेकवाला, एका एक्सलचा ॲल्युमिनियमचा बघा. महाग पडतो, पण दोन-अडीचशे पाउंड वाचतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकरही वाचा: त्यातल्या आकड्यात माणसं, सामान आणि हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायची जागा) येणारा भार तिन्ही बसले पाहिजेत.

हा हिचवरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. कमी पडला तर काय होतं हे बैलगाडी पाहिलेल्याला सांगायला नको. गाडी मागे उलाळ झाली की जू वर उचललं जातं. इथे ५५-६० मैलांच्या वेगात ट्रेलर शेपूट झाडायला लागतो. स्पोर्ट मशीनचं इंजिन सीटच्या मागे असतं, त्यामुळे मागचा भाग जड. बारा फुटी ट्रेलरवर मशीन पुढे सरकवायला जागाच उरत नाही. चौदा फूट घ्यायचे ते याच्यासाठी.

भार घरीच मोजता येतो. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावलेले. एका बाजूला वीट, तिच्यापासून तीन फुटांवर बाथरूमचा वजनकाटा, दोन्हींवर आडवी जाड फळी. काट्यावर आधीच दिसणारं फळीचं वजन टिपून ठेवा. कप्लर (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाचा, गाडीला जोडायचा भाग) विटेपासून एक फुटावर टेकवा, जॅक पूर्ण सोडा. आकड्यातून फळीचं वजन वजा करा, तिनाने गुणा. ११० आलं तर ३३० पाउंड. ३००० च्या ओझ्याला चोख.

रुंदीत कंजूषी नको. ७२ इंची मशीन ७७ इंची ट्रेलरवर चढतं, पण दोन्हीकडे अडीच इंच उरतात; कठडे उंच असले तर दार उघडत नाही आणि चालवणारा आत अडकून बसतो. फेंडरच्या मधे ८२-८३ इंच घ्या. बंद ट्रेलर असेल तर आतली रुंदी मोजून भागत नाही, मागच्या दाराची चौकट आणि आतले व्हील बॉक्स (चाकांवरचे, आत आलेले उंचवटे) मोजा.

रॅम्पच्या जाळीखाली आडव्या पट्ट्या किती अंतरावर आहेत ते बघा. मशीनचा भार चार ठिकाणीच येतो, विरळ पट्ट्यांमधली जाळी दबते. चढवताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच हवा, नाहीतर मागे भार पडताच पुढची दांडी उसळते.

बांधायला दोन इंची रॅचेट स्ट्रॅप, वर्किंग लोड ३३३३ पाउंडांचे, चार. चाकांवरून बांधणं चांगलं. चेसिसला ओढून बांधलं की सस्पेन्शन खड्ड्यात दबतं आणि स्ट्रॅप सैल पडतात. स्ट्रॅप अडकवायची कडी, म्हणजे डी-रिंग, फळीला नव्हे, लोखंडी सांगाड्याला पक्की केलेली हवी.

गाडीच्या हिचवरच्या ज्या गोळ्यावर कप्लर बसतो, त्या बॉलचा आकार कप्लरवर कोरलेला असतो. दोन इंचीच्या जागी १ ७/८ इंची बॉल बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या उंचवट्यावर निसटतो. साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावा.

जुना ट्रेलर घेताना टायरची झीज बघून फसू नका; टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचे टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. वीस मिनिटं ओढून हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग गेलंय. आणि नवा असला तरी पहिल्या ५० मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, नवीन रंगाचा थर दबला की ते सैल होतात.