इतिहास मंडळाचं वर्ष कसं आखावं

वारसाफेरी १६ एप्रिलला ठेवा. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली. सकाळी सातलाच स्टेशनबाहेर जमा, नंतर ऊन सोसत नाही. तिथून मासुंदा तलाव, मग कौपिनेश्वर. माहिती देवळाबाहेरच सांगा, आत घंटांमुळे ऐकू येत नाही.

पावसाळ्यात हॉल घ्या आणि घरोघरचे जुने फोटो मागवा. मागे नाव-साल मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. शाई पुढे उमटते. आजी-आजोबांना शेजारी बसवा, फोटोतली माणसं तेच ओळखतात. माझ्या मते वर्षातला सर्वांत मोलाचा कार्यक्रम हाच!

दिवाळीत सोसायट्यांमधले मातीचे किल्ले बघायला जा. बक्षीस ठरवण्याआधी मुलांना विचारा, पाण्याचं टाकं कुठे केलंय?