खांबाविना छत: आइस्क्रीमच्या काड्यांचं शेल्डोनियन थिएटर

सातवीच्या मुलांकडून मी दरवर्षी ही प्रतिकृती करून घेते. करून बघायची असेल तर सुरुवात वर्गात नको, कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात करा. पायऱ्यांवर कुठंही बसा, हौद्यातली कुस्ती दिसते, मध्ये काही आडवं येत नाही. शाहू महाराजांनी रोमचं क्रीडागार पाहून हे मैदान बांधलं; १९१२ साली ते खुलं झालं.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचं शेल्डोनियन हे समारंभांचं सभागृहही रोमकडे बघूनच बांधलेलं. तोवर पदवीदानाचा गलबला चर्चमध्ये चाले, ते आर्चबिशप गिल्बर्ट शेल्डन यांना रुचेना. त्यांनी पैसे दिले आणि क्रिस्टोफर रेन या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकानं १६६४ ते १६६९ या काळात, मार्सेलसच्या थिएटरच्या धर्तीवर, इंग्रजी डीच्या आकाराची इमारत उभारली. पण रोमच्या थिएटरला छप्पर नसे, उन्हासाठी दोरांवर कापड ताणत. ऑक्सफर्डच्या पावसात कापड काय टिकणार? आणि खांब घातले तर समारंभ दिसणार कुणाला?

भिंतीपासून भिंतीपर्यंत अंतर होतं सुमारे ७० फूट. शाळेच्या मैदानावर सुतळी धरून तेवढं फक्कीनं आखा. मुलं एका टोकाला उभी राहिली की आपोआप गप्प होतात.

एवढ्या लांबीची लाकडं कुठली मिळायला! रेननी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, बांधल्या आणि त्यांच्या खालच्या तुळया तुकडे खाचांनी अडकवून जोडल्या. आपण एका फुटाला एक सेंटिमीटर धरू: ७० सेंटिमीटरची तुळई, काड्यांचे दोन थर. वीटकामात गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसंच इथं. पहिल्या वर्षी मी हे सांगायला विसरले आणि तुळई बरोबर मधोमध मोडली.

वर दोन तिरप्या काड्यांच्या पट्ट्या, मध्ये उभा दांडा. हा दांडा तुळईला दाबत नाही, वर ओढून धरतो. म्हणून खालचा सांधा नुसता फेव्हिकॉलनं चिकटवू नका, दोऱ्यानं घट्ट आवळा. अशा तीन कैच्या करा आणि रात्रभर वाळू द्या.

सकाळी तुळयांवर एकेक वही ठेवा. वह्याच हव्यात, कारण शेल्डोनियनच्या माळ्यावर विद्यापीठाच्या छापखान्याची पुस्तकं साठवत.

छताखाली रॉबर्ट स्ट्रीटर यांनी उघडं आकाश रंगवलं आणि त्यावर सोनेरी दोर दाखवले, रोमच्या त्या कापडाचे. निळा कागद लावून आम्ही त्यावर जरीचा दोरा चिकटवतो.