इम्प्लांटभोवतीची हिरडी मागे सरकली, तर काय करावं?

एके सकाळी दात घासताना वरच्या दाताच्या कॅपच्या कडेला मला एक राखाडी रेघ दिसली. नखाच्या कडेइतकी बारीक. तो दात इम्प्लांटवरचा, चार वर्षांपूर्वी बसवलेला. दुखत नव्हतं, रक्त येत नव्हतं. मला वाटलं, तिथे ब्रश नीट पोचत नसेल आणि काहीतरी साचलं असेल. म्हणून पुढचे दोन आठवडे मी नेमकी तीच जागा जोर लावून घासत राहिले. ती रेघ म्हणजे घाण नव्हतीच. हिरडी वर सरकली होती, आतला धातू उघडा पडला होता आणि माझ्या घासण्यानं हिरडी आणखी वर चालली होती.

हे सांगायचं कारण म्हणजे इम्प्लांट दुखत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं एक आवरण असतं. त्यातून संवेदना मिळते, रक्तपुरवठा होतो, आणि हिरडीचे तंतूही मुळात रुतलेले असतात. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो थेट हाडाशी एकजीव होतो आणि मधे असं आवरण नसतं. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. त्यांचं सगळं यश हाडाच्या या पकडीवर उभं आहे. हिरडी मात्र इम्प्लांटला नुसती बिलगून असते, त्यात रुतत नाही. त्यामुळे तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो नैसर्गिक दातापेक्षा लवकर खोल जातो, आणि तरीही बराच काळ काही जाणवत नाही. दुखण्यानं जी सूचना मिळायला हवी, ती इथे आपल्या डोळ्यांनाच घ्यावी लागते.

आधी नीट बघा

चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा आणि ओठ बोटानं हलकेच बाजूला करा. शेजारच्या दातांच्या तुलनेत कॅप लांब दिसते का? कडेला राखाडी छटा आहे का? स्क्रूचे आटे दिसतात का? मग ओठ थोडा हलवून बघा. इम्प्लांटजवळची हिरडी फिकट गुलाबी, घट्ट आणि जागच्या जागी राहणारी असेल तर चांगलं. ओठाबरोबर तिची कडाही ओढली जात असेल, किंवा ती गालाच्या आतल्या अस्तरासारखी मऊ आणि लाल असेल, तर तिथे घट्ट हिरडीचा पट्टा कमी आहे. हा पट्टा साधारण २ मिलिमीटर तरी असलेला बरा. तो अगदी अरुंद असला की ब्रश लागताना दुखतं, मग माणूस तिथे घासायचं टाळतो आणि थर साचतो.

मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात. ‘बहुतेक वाढलंय’ या अंदाजापेक्षा दोन फोटो शेजारी ठेवून बघितलेले डॉक्टरांच्याही जास्त उपयोगी पडतात.

कॅप बसवल्यावर पहिल्या वर्षात हिरडी अर्धा ते एक मिलिमीटर मागे जाणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं आणि मग ते थांबतं. तेवढ्यानं घाबरू नका. पण पू, सूज, हिरडी दाबल्यावर येणारी घाण चव किंवा वास, किंवा दात हलणं, यांपैकी काहीही असेल तर एक-दोन दिवसांतच दवाखाना गाठा. सुजेबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी जा. हलणाऱ्या दातात कधी कधी फक्त कॅपचा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा घट्ट करता येतो. खुद्द इम्प्लांट हाडात हलत असेल तर त्याची पकड सुटलेली असते आणि तो काढावाच लागतो. यातलं नेमकं काय झालंय, ते घरी ठरवता येत नाही.

दवाखान्यात मोजमाप करून घ्या

नुसतं बघून ‘थोडी सरकलीय, लक्ष ठेवू’ एवढ्यावर परत येऊ नका. तीन गोष्टी मागा. पहिली, प्रोबनं मोजणी. ही खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेतून हलक्या हातानं आत घालतात, खोली मोजतात आणि रक्त किंवा पू येतो का ते पाहतात. इम्प्लांटला धक्का लागेल म्हणून काही जण हे टाळतात, पण हलक्या हातानं केलेल्या मोजणीनं नुकसान होत नाही. दुसरी, त्या दाताचा एक्स-रे, आणि तो कॅप बसवली त्या वेळच्या एक्स-रेशेजारी ठेवून पाहणं. जुना एक्स-रे दुसऱ्या दवाखान्यात असेल तर आधी मागवून घ्या. तिसरी, इम्प्लांटचं कार्ड. त्यावर कंपनी आणि माप असतं, आणि कॅप सोडवायची वेळ आली की हे नक्की लागतं.

यातून एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं: नुसती हिरडी मागे गेलीय, की खालचं हाडही झिजतंय? हिरडीला सूज आहे, रक्त येतं, पण हाड जागेवर आहे, अशा अवस्थेला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात. वेळेवर साफसफाई झाली तर ती उलटवता येते. हाडही जात असेल तर तो पेरी-इम्प्लांटायटिस, आणि त्याचा उपचार बराच अवघड. तिसरी शक्यता माझ्यासारखी: सूज नाही, रक्त नाही, हाड शाबूत, फक्त हिरडी सरकलेली.

कारण सापडल्याशिवाय ग्राफ्टला होकार देऊ नका

हिरडीचा ग्राफ्ट म्हणजे टाळूतून काढलेला पदर हिरडीखाली बसवणं. माझं याबाबत ठाम मत आहे. कारण तसंच राहिलं तर नवी हिरडीही त्याच वाटेनं जाते.

पुष्कळदा कारण इम्प्लांटच्या जागेत असतं. तो ओठाच्या बाजूला जरा जास्त पुढे बसवला गेला असेल तर त्याच्यासमोर हाडाची भिंत पातळ उरते. ही भिंत दीड ते दोन मिलिमीटर जाड असावी अशी अपेक्षा असते. ती पातळ असली की झिजते आणि वरची हिरडी तिच्या मागोमाग जाते. साध्या एक्स-रेमध्ये ही ओठाकडची भिंत दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन लागतो, आणि धातूमुळे त्यातही चित्र थोडं धूसर येतं.

कॅप मुळाशी गरजेपेक्षा फुगीर असेल तर ती हिरडीला बाहेर ढकलते. सिमेंटनं चिकटवलेली असेल तर त्या सिमेंटचा कण हिरडीखाली राहून बोटात रुतलेल्या काट्यासारखा सलत राहतो, फक्त दुखत नाही. काहींची हिरडी जन्मतःच पातळ असते. ओठाला जोडणारी पडद्यासारखी पट्टी हिरडीच्या कडेला सतत ओढत असेल तर तेही कारण. आणि कडक ब्रश, आडवं घासणं, जोर लावणं. माझ्या बाबतीत पातळ हिरडी आणि हे घासणं, दोन्ही होतं.

तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल, किंवा मधुमेह आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दोन्हींमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि ग्राफ्ट फसण्याची शक्यता वाढते. आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) खाली आणा, तंबाखू सोडा, मग शस्त्रक्रिया. हिरड्यांच्या आजारामुळे पूर्वी दात गेले असतील तर तेही सांगा. बाकीच्या दातांभोवती तो आजार चालू असेल तर आधी त्याचा बंदोबस्त व्हायला हवा.

घरी घासण्याची पद्धत आजपासून बदला

मऊ ब्रश घ्या आणि मुठीत न धरता पेनासारखा तीन बोटांत धरा. जोर आपोआप कमी होतो. तंतू हिरडीच्या कडेकडे तिरके टेकवा, साधारण ४५ अंशात, आणि जागच्या जागी बारीक हलवा. तंतू वाकून पसरत असतील तर तुम्ही जास्त दाबताय. खरखरीत पावडर किंवा दात पांढरे करणारी पेस्ट त्या दातावर वापरू नका.

दोन दातांच्या मधे इंटरडेंटल ब्रश हवाच. त्याची तार प्लास्टिकचं आवरण असलेली असावी, नाहीतर टायटॅनियमवर ओरखडे पडतात. मापही महत्त्वाचं आहे: ब्रश थोडा अडत पण न दुखवता आत जायला हवा. योग्य माप दवाखान्यात बसूनच ठरवून घ्या. आटे उघडे पडले असतील तर साधा फ्लॉस टाळा, कारण खडबडीत पृष्ठभागावर त्याचे धागे अडकून तुटतात आणि तिथेच राहतात. अशा ठिकाणी पाण्याचा झोत मारणारं यंत्र कमी दाबावर वापरता येतं.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश स्वतःच्या मनानं महिनोन्महिने चालू ठेवू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. तो डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. आणि कुठलंही तेल, लेप किंवा जेल चोळून सरकलेली हिरडी परत येत नाही. तसा दावा दिसला तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचवा.

मग उपचार

दाह असेल तर आधी साफसफाई. इम्प्लांटसाठी टायटॅनियम, प्लास्टिक किंवा कार्बन फायबरची हत्यारं, किंवा बारीक पावडरचा झोत वापरतात. साध्या स्टीलच्या हत्यारानं टायटॅनियम खरवडलं जातं, म्हणून कशानं साफ करणार ते खुशाल विचारा. हाड गेलं असेल तर हिरडी उघडून आतून स्वच्छ करावं लागतं, कधी हाडाचा ग्राफ्टही घालतात. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर हा आजार बरा होत नाही.

कॅप फुगीर असेल तर ती बारीक करून किंवा बदलून पुष्कळ फरक पडतो, आणि हा उपाय शस्त्रक्रियेच्या आधी करून बघण्यासारखा आहे. हिरडी पातळ असेल तर टाळूतून काढलेला आतला पातळ पदर हिरडीखाली बसवतात. काही वेळा कॅप काही आठवडे काढून ठेवतात, म्हणजे वर हिरडी वाढते आणि मग ग्राफ्टला जास्त जागा मिळते. पण खरं सांगायचं तर नैसर्गिक दाताभोवती ग्राफ्टची जेवढी खात्री देता येते, तेवढी इम्प्लांटभोवती देता येत नाही. हिरडी जाड आणि घट्ट होते, पण कडा पूर्ण जुन्या जागी येईलच असं नाही. इम्प्लांटच फार पुढे किंवा तिरका बसला असेल तर तो काढून नव्यानं बसवणं हाच मार्ग उरू शकतो. तिथे दुसऱ्या हिरडीतज्ज्ञाचं मत जरूर घ्या.

आणि काहीच न करणं हाही उपचार असू शकतो. हाड स्थिर आहे, रक्त येत नाही, जागा नीट साफ होते आणि हसताना ती दिसतही नाही, तर मोजत राहणं पुरतं.

रक्त पातळ करणारी औषधं किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर शस्त्रक्रियेआधी सांगा. स्वतः बंद करू नका.

मी सहा महिने घासणं सुधारून वाट पाहिली. रेघ वाढली नाही, पण तो दात समोरचा, म्हणून ग्राफ्ट करून घेतला. हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखला, दोन-तीन आठवडे. त्या काळात तिथे ब्रश नाही, मऊ खाणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे ओठ वर करून बघायचं नाही. त्या ओढीनं टाके आणि ग्राफ्ट दोन्ही हलतात. हिरडीचा अंतिम आकार कळायला सहा महिने तरी थांबावं लागतं. माझी रेघ जवळजवळ झाकली गेली, केसाएवढी उरली.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते, धोका जास्त असलेल्यांना दर तीन महिन्यांनी बोलावतात. प्रत्येक वेळी प्रोबचे आकडे मी वहीत लिहून आणते: दाताच्या चार बाजू, चार आकडे, पुढे रक्त आलं की नाही ते.