आइस हॉकीचे प्रशिक्षक आहात? बेंचवर होणाऱ्या या चुका टाळा

सामना निसटू लागला की प्रशिक्षकाची नजर आधी गोलकीपरवर जाते. सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

२२ फेब्रुवारी १९८०, अमेरिकेतलं लेक प्लॅसिड, हिवाळी ऑलिंपिकमधला अमेरिका-सोव्हिएत संघ सामना. तीन भागांपैकी पहिला भाग, म्हणजे पहिला पीरियड संपता संपता, एक सेकंद उरलेला असताना अमेरिकेच्या मार्क जॉन्सनने गोल केला आणि २-२ अशी बरोबरी झाली. सोव्हिएत प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव यांनी जगात नावाजलेला गोलकीपर व्लादिस्लाव त्रेत्याकला बसवलं आणि राखीव गोलकीपर मिश्किनला उतरवलं. अमेरिका ४-३ने जिंकली. तो बदल आपली मोठी चूक होती, हे तिखोनोव यांनी पुढे स्वतः मान्य केलं.

उलटी चूकही तितकीच वाईट. २ डिसेंबर १९९५ला माँट्रियलमध्ये डेट्रॉइटने यजमान संघाचा गोलकीपर पॅट्रिक रॉय याच्यावर तब्बल ९ गोल चढवले, तोवर प्रशिक्षकांनी त्याला आत बोलावलंच नाही. बाहेर येताच रॉयने क्लबच्या अध्यक्षांना सांगून टाकलं, की माँट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत तो कोलोरॅडोला गेला आणि त्याच हंगामात त्या संघाने स्टॅनले कप, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या एनएचएल लीगचा करंडक, जिंकला.

मग बदल कधी करायचा? स्कोअरबोर्ड बाजूला ठेवा आणि गोल कसे झाले ते आठवा. समोर खेळाडूंची गर्दी असल्याने पक (खेळातली रबरी चकती) दिसलाच नाही, किंवा अडवलेला पक बचावपटूंनी दूर केला नाही, तर दोष गोलकीपरचा नाही. त्याला राहू द्या. पण तो जाळ्यात मागे मागे सरकतोय, लांबून आलेल्या साध्या फटक्यालाही उशिरा हलतोय, असं दिसलं तर थांबू नका. आणि बाहेर आल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोला. बेंचच्या टोकाला एकटा बसलेला गोलकीपर मला बघवत नाही.

दुसऱ्या पीरियडमध्ये शेवटी शेवटी गोल बसत असतील, तर शिफ्टची, म्हणजे खेळाडू सलग बर्फावर असतो ती वेळ मोजा. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनंतर पाय जड होतात. दुसऱ्या पीरियडमध्ये बाजू बदललेली असते, त्यामुळे बचाव करताना आपला बेंच लांब पडतो आणि दमलेले पाच जण आपल्याच भागात अडकतात. त्यांनी सुटकेसाठी पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावला की आयसिंग होतं, खेळ पुन्हा आपल्याच गोलजवळ सुरू होतो आणि नियमानुसार खेळाडूही बदलता येत नाहीत. उपाय सोपा: पक प्रतिस्पर्ध्याच्या भागात खोल गेला की लगेच बदल. तुमच्या सर्वोत्तम खेळाडूलाही यात सूट नको.

सरावात मुलं रांगेत उभी दिसली, तर बर्फाचा वेळ वाया चाललाय. फळ्यावरचं समजावणं ड्रेसिंग रूममध्येच उरका आणि रिंकचे भाग पाडून छोटे सामने खेळवा.

बेंचवरून “मार! पास दे!” असं ओरडणंही थांबवा. पक ज्याच्याकडे आहे, तो मान वर करून बघण्याऐवजी तुमच्या आवाजाची वाट बघायला लागतो. तो येऊन बसला, श्वास लागला, की विचारा: “तिथे तुला काय दिसलं?” उत्तर ऐकल्याशिवाय चूक दाखवू नका.

दुसऱ्याची खेळपद्धत आपल्या संघावर लादणं ही चूक अनुभवी माणसंही करतात. स्केटिंगमध्ये संथ असलेल्या फळीला सतत पुढे जाऊन दबाव टाकायला लावलं, तर मागे मोकळं मैदान उरतं. रॉयच्या त्या रात्री डेट्रॉइटच्या बेंचमागे स्कॉटी बोमन होते. प्रशिक्षक म्हणून तीन संघांना मिळून ९ स्टॅनले कप जिंकून देणारा हा माणूस. त्याच हंगामात त्यांनी आपल्या संघातले पाच रशियन खेळाडू एकत्र उतरवले आणि पक भिरकावून मागे धावण्याऐवजी, ते लहानपणापासून शिकले होते तसं, तो ताब्यात ठेवून खेळू दिलं. १९९७मध्ये डेट्रॉइटला ४२ वर्षांनी कप मिळाला. पुढच्या सरावाआधी तुमच्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याला सहज जमणारी एक गोष्ट लिहा. ज्याच्यापुढे काही सुचणार नाही, त्याच्याकडे त्या दिवशी जास्त लक्ष द्या.