गिटारच्या पेडलचे नॉब फिरवताना या चुका टाळा

मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात, शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी घेत रात्री अगदी हळू वाजवून जुळवलेला गिटारचा आवाज गणेशोत्सवाच्या मंडपात घुमू लागतो किंवा कानाला बोचतो, आणि दोष मात्र पेडलच्या, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडलेल्या, आवाज बदलणाऱ्या पेटीच्या माथी मारला जातो. ध्वनीची पातळी कमी असताना मानवी कानाला खर्ज आणि अतिशय उंच ध्वनी तुलनेने क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. घरी ती उणीव आपण नकळत भरून काढतो आणि रंगमंचावर तीच भर जास्त होते. म्हणून सरावाच्या खोलीत, प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या पातळीवर तासभर वाजवून टोनचा, म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा ठरवणारा, नॉब पुन्हा लावावा.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लेव्हलचा, म्हणजे पेडलमधून आवाज किती मोठा बाहेर पडावा हे ठरवणारा, नॉब शेवटी हाताळणे. जे मोठ्याने वाजते ते कानाला चांगलेच वाटते. त्यामुळे पेडल सुरू करताच आवाज ‘सुधारला’ असे वाटते, तेव्हा अनेकदा तो केवळ वाढलेला असतो. एकच कॉर्ड पेडल बंद ठेवून आणि सुरू करून आलटूनपालटून वाजवावी, दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत लेव्हल कमी-जास्त करावी आणि मगच ड्राइव्हला, म्हणजे आवाज फाटका आणि धारदार करणाऱ्या नॉबला, हात लावावा. ड्राइव्ह वाढवला की आवाजही वाढतो, म्हणून लेव्हल पुन्हा तपासावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

ड्राइव्ह पूर्ण फिरवल्यावर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, हलक्या आणि जोरकस आघातातला फरक पुसला जातो आणि खरखरही वाढते. ट्यूब स्क्रीमरसारख्या पेडलमध्ये खर्ज मुळातच कमी केलेला असतो. तो टोनच्या नॉबने परत येत नाही, कारण तो नॉब प्रामुख्याने वरच्या ध्वनींवर काम करतो. याउलट बिग मफमध्ये मधले ध्वनी दबलेले असतात, म्हणून एकट्याने वाजवताना भरदार वाटणारे हे पेडल ड्रम आणि बास सुरू होताच हरवते. रॅट या पेडलचा फिल्टर, म्हणजे त्याचा टोनचा नॉब, तर उलटा चालतो: उजवीकडे फिरवाल तसा आवाज बोथट होतो.

डिलेचा, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलचा, टाइम (दोन प्रतिध्वनींमधला काळ) अंदाजाने लावू नये. ६०,००० ला मिनिटातील मात्रांच्या संख्येने भागल्यास एका मात्रेचा काळ मिलिसेकंदांत मिळतो. १२० च्या लयीत तो ५०० येतो. प्रतिध्वनी किती वेळा उमटावा हे ठरवणारा फीडबॅकचा नॉब मर्यादेबाहेर गेल्यास प्रतिध्वनी विरण्याऐवजी वाढत जातो. अशा वेळी घाबरून केबल उपटण्यापेक्षा फीडबॅक खाली आणावा.

आवाजच येत नसेल, तर इनपुट आणि आउटपुटची अदलाबदल झाली आहे का, हे आधी पाहावे. बहुतेक पेडलवर इनपुट उजवीकडे असते. ९ व्होल्टच्या बहुतेक पेडलना मध्यभागी ऋण टोक असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो आणि घरातल्या जुन्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर बहुधा नेमका उलटा असतो. व्होल्टेज सांगितले आहे तेवढेच हवे, मिलिअँपिअर मात्र जास्त चालतात. गुणगुण येत असेल तर पेडल बॅटरीवर चालवून पाहावे. ती थांबली, तर अपराधी अ‍ॅडॉप्टर आहे. वाजवून झाल्यावर इनपुटमधली केबल काढावी, कारण ती खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

पावसाळ्याच्या दमट हवेत नॉब फिरवताना खरखर येऊ लागली, तर वीज बंद करून तो पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. तेवढ्याने भागले नाही, तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर आत थोडासा फवारावा. शिवणयंत्राचे तेल मात्र कदापि घालू नये. ते आत तसेच राहते आणि धूळ धरून ठेवते.