मृत्युपत्राचे प्रोबेट : वेळ किती लागतो आणि कुठे लागतो

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. मृत्युपत्र सापडले की वारसांचा पहिला प्रश्न वेळेचा असतो. वाद नसेल आणि मालमत्ता फार विखुरलेली नसेल, तर मृत्यूपासून शेवटच्या वाटपापर्यंत साधारण वर्षभर धरून चालावे. कायदाही याहून जास्त घाई करायला सांगत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ सालचा आणि इंग्लंडमधला मालमत्तेच्या व्यवस्थेचा कायदाही त्याच सालचा. दोन्हींनुसार मृत्यूला एक वर्ष होण्यापूर्वी मृत्युपत्रातले हिस्से देण्याचे बंधन एक्झिक्युटरवर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यावर, नसते. चौथ्या महिन्यातच वाट्याची विचारणा करणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच समजावून सांगितलेले बरे.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाचवता येतो तो अर्ज करण्यापूर्वी. भारतात मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही, पण अडचण त्या सात दिवसांची कधीच नसते. कागद जमवण्यातच महिने जातात. मूळ मृत्युपत्र मिळाले की ते आहे तसे ठेवावे. झेरॉक्स काढण्यासाठी त्याची पिन मुळीच काढू नये, कारण कोपऱ्यात पिनेची दोन जास्तीची भोके दिसली, तर या कागदाला पूर्वी आणखी एखादे पान जोडलेले होते काय, अशी शंका निघते आणि ती दूर करण्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र करावे लागते. मृत्यूच्या दाखल्याच्या अनेक प्रती एकदमच घ्याव्यात. मृत्युपत्र, बँकेचे खाते आणि घराची कागदपत्रे यांतील नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि फरक असेल तर तो अर्जातच नमूद करावा. तो न्यायालयाच्या कार्यालयाने शोधून काढला, तर अर्ज त्रुटीच्या शेऱ्यासह परत येतो आणि पुन्हा रांगेत लागतो.

ज्या साक्षीदारांनी मृत्युपत्रावर सह्या केल्या, त्यांचा शोध पहिल्याच आठवड्यात घ्यावा. वीस वर्षांपूर्वी सही केलेला माणूस आज त्याच पत्त्यावर असेलच असे नाही, आणि तो हयात नसेल तर त्याचे हस्ताक्षर ओळखणारा कोणीतरी शोधावा लागतो.

अर्ज दाखल झाल्यावर नोटिसा निघतात आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. कोणी हरकत घेतली नाही, तर हा टप्पा काही महिन्यांत उरकतो. मात्र एखाद्या वारसाने कॅव्हेट, म्हणजे आपले ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नये अशी न्यायालयाला लेखी सूचना, दाखल करून मृत्युपत्रालाच आव्हान दिले, तर भारतात त्या अर्जाला दाव्याचे स्वरूप येते, साक्षीपुरावे आणि उलटतपासणी होते, आणि मग महिन्यांची नव्हे, वर्षांची गणती करावी लागते. म्हणून ज्यांना मृत्युपत्रात कमी मिळाले आहे त्यांच्याशी अर्जाआधी बोलावे, त्यांना प्रत दाखवावी आणि त्यांची तयारी असेल तर ना-हरकत प्रतिज्ञापत्र घ्यावे. हे बोलणे अवघड असते हे खरे, पण वकिलाच्या नोटिशीतून कळलेली गोष्ट माणसाला अधिक लागते आणि पुष्कळ हरकती त्या दुखावलेपणातूनच येतात.

प्रोबेट हाती आले म्हणजे काम संपले, हा समज महागात पडतो. त्यानंतर खाती बंद करणे, कर भरणे आणि मृताची देणी फेडणे ही कामे उरतातच, आणि घर विकायचे असेल तर त्याचा वेळ वेगळाच. कॅलिफोर्नियात एक्झिक्युटरची नियुक्ती झाल्यापासून धनकोंना मागणी नोंदवण्यासाठी साधारणपणे चार महिने मिळतात. इंग्लंडमध्ये मृतावर अवलंबून असलेल्यांना १९७५ च्या कायद्याखाली प्रोबेटपासून सहा महिन्यांत दावा लावता येतो. अशी मुदत चालू असताना सगळे पैसे वाटून टाकले आणि नंतर देणे निघाले, तर ते एक्झिक्युटरला स्वतःच्या खिशातून भरावे लागू शकते. भारतात प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयाला सादर करायचा असतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. वारसांना पैशांची निकड असेल तर काही भाग आधी द्यावा, पण कर आणि संभाव्य देणी यांपुरती रक्कम बाजूला काढल्यानंतरच, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची तारखेसह सही केलेली पावती घेऊन.