गोधडीचे चौकोन उलटसुलट जोडले जाऊ नयेत म्हणून

36 बाय 48 इंचांच्या बाळगोधडीला 6 इंची 48 ब्लॉक (तीन बाय तीन असे नऊ चौकोन जोडून झालेला तुकडा), म्हणजे अडीच इंची 432 चौकोन लागतात. घोळ कापताना नाही, टेबलावरून मशीनपर्यंत नेताना होतो: एखादा चौकोन फिरतो आणि नक्षी मोडते. त्यात पंखा चालू असला तर बघायलाच नको.

प्रश्न सुटला तो टाचणीने. प्रत्येक ब्लॉकच्या वरच्या डाव्या चौकोनाला क्रमांकाची चिठ्ठी टोचायची, ती ब्लॉक पूर्ण होईपर्यंत काढायची नाही. टाचण्या पुण्यात तुळशीबागेत मिळतात. काचेच्या डोक्याच्या घ्या, प्लास्टिकचं डोकं इस्त्रीखाली वितळतं. खडूची खूण हाताळताना पुसते.

मग मधल्या उभ्या ओळीचे तीन चौकोन डावीकडच्या तिन्हींवर सुलट बाजू आत ठेवून पालथे घालायचे. पाव इंच माया (शिवणीपलीकडे राहणारी कापडाची कड) धरून तिन्ही जोड्या सलग शिवायच्या, मधला दोरा न तोडता. तिसरी ओळही तशीच. दोऱ्यामुळे आडव्या ओळींचा क्रम हलतच नाही.

इस्त्री करताना पहिल्या-तिसऱ्या आडव्या ओळीची माया उजवीकडे, दुसरीची डावीकडे वळवायची. मग आडव्या ओळी एकमेकींना जोडताना सांधे एकमेकांत नेमके बसतात. ब्लॉक कडेच्या मायेसकट साडेसहा इंच भरला पाहिजे, गोधडीत जोडल्यावर तो 6 इंच उरतो. कमी भरला तर माया जास्त गेलीय.